शरणपूरचे तरुण परभाषेच्या देशात

शास्त्रपाठ : उत्पत्ति ४२:१-२४, १ शमुवेल ४:१२-२२, अनुवाद २३:१५-१६.

योसेफाची कथा आपणा सर्वांस पाठ आहे. तथापि तिच्यातील एक लहानसे वाक्य वाचताना आपण बहुधा थांबत नाही. धान्य विकत घेण्यास आलेल्या भावांशी योसेफ बोलत होता तेव्हा मध्ये दुभाषी उभा होता, असे बेचाळिसाव्या अध्यायाच्या तेविसाव्या वचनात सांगितले आहे. एकाच बापाचे पुत्र, आणि त्यांच्यामध्ये दुभाषी! योसेफास भावांची भाषा कळत होती, त्यांना मात्र त्याची ओळख पटत नव्हती. त्याचा पोशाख मिसरी, त्याचे नाव मिसरी, त्याच्या तोंडची वाणीही मिसरी. ज्या मुलास त्यांनी वीस रुप्यांस विकले तोच हा, हे त्यांच्या मनासही शिवले नाही.

या वचनाचा अर्थ मनात नीट उतरावा म्हणून आज आपल्या नाशिकातीलच काही तरुणांची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. परदेशी जाऊन सुवार्ता सांगणारा तरुण म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे गोरा साहेब येतो. दूर दक्षिण अमेरिकेत स्पॅनिश भाषा शिकत फिरणारा, नाहीतर आपल्याकडे घोड्यावर बसून खेड्यात येणारा. परंतु नाशिकाहूनही तरुण मिशनरी परमुलखात गेले, आणि ते साहेब नव्हते. आज शहरातील शरणपूर रोडवरून नित्य जाणाऱ्या कित्येकांस याची वार्ताही नसते.

चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकात १८३२ साली सुरू झाले. १८५४ च्या सुमारास रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी गावाच्या पश्चिमेस ख्रिस्ती लोकांची एक वस्ती वसविली व तिला शरणपूर हे नाव पडले. त्या दिवसांत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसे पकडून अरब व्यापारी गलबतांतून नेत व विकीत. इंग्रजी आरमाराची जहाजे अशी गलबते अडवून त्यांतील दासांना सोडवीत, आणि सोडविलेल्यांपैकी पुष्कळांस मुंबईस उतरवीत. त्यांत अगदी लहान मुलेही असत. आईबाप कोण, गाव कोणते, हे ज्यांस धड सांगता येत नव्हते अशी ही लेकरे १८६० च्या सुमारापासून शरणपुरास पाठविली जाऊ लागली.

येथे त्यांना अक्षरओळख, शास्त्रवाचन, आणि हाताला काम मिळाले. कोणी लोहारकी शिकला, कोणी सुतारकी. त्यांना नावेही नवी मिळाली, आणि त्यांपैकी कित्येक नावे म्हणजे जणू मिशनऱ्यांची हजेरीच होय : सायमन प्राइस, कॅरस फॅरार, रिचर्ड आयझेनबर्ग, जेम्स डाइमलर. ही मुले मराठी बोलू लागली, हिंदुस्थानी बोलू लागली, वरच्या वर्गातील इंग्रजीही शिकली. आपल्याकडे आफ्रिकेच्या माणसास शिदी म्हणण्याची चाल आहेच. तेव्हा गोदावरीच्या काठी मराठी बोलणारी ही शिद्यांची मुले पाहून पंचवटीस आलेल्या यात्रेकरूंस किती नवल वाटत असेल! पण या लाभाबरोबर एक हानीही झाली. जी भाषा आईच्या मांडीवर शिकली होती ती त्यांच्या जिभेवरून हळूहळू उतरली. मिसर देशात योसेफाने आपल्या थोरल्या पुत्राचे नाव मनश्शे ठेविले, आणि त्या नावात विसर पडल्याचा अर्थ आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

पुढे १८६४ साली विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर व जॉर्ज डेव्हिड हे शरणपूरचे तरुण समुद्रापार मोंबासाजवळील राबाई येथे गेले. तेथे योहान्नेस रेबमान हे जर्मन मिशनरी १८४६ पासून काम करीत होते. त्यांच्या पूर्वी आलेल्या क्राफसाहेबांची पत्नी व तान्हे मूल ही दोघेही १८४४ साली त्याच किनाऱ्यावर मातीआड झाली होती. अशा त्या कठीण शेतात हे तिघे उतरले.

आता विचार करा. हे तरुण आफ्रिकेस निघाले तेव्हा मंडळीस वाटले असेल की हे आपल्या घरीच चालले आहेत. रंग तोच, रक्त तेच. पण ते घरी गेले नाहीत. जोन्स हा याओ लोकांतला, लहानपणीच पकडून विकलेला. त्याचा मूळ मुलूख राबाईपासून कित्येक दिवसांच्या वाटेवर दक्षिणेस. राबाईच्या लोकांची बोली निराळी, मोंबासा शहरात स्वाहिली चाले, ती आणखी निराळी. स्वाहिलीत त्यांना काही ओळखीचे शब्द भेटले असतील खरे. तेथेही पुस्तकास किताबु, लेखणीस कलामु, जगास दुनिया व बातमीस हबारी म्हणतात. अरबी वाणीने दोन्ही किनाऱ्यांवर आपले दाणे पेरले आहेत. परंतु चार शब्द ओळखीचे लागले म्हणून भाषा आली असे होत नाही. उलट ओळखीचा शब्दच पुष्कळदा फसवितो.

याविषयी मी स्वतःची एक गोष्ट सांगतो. सेमिनरीतून बाहेर पडल्यावर मला प्रथम पेठेकडच्या डोंगरात नेमिले. मी मनाशी म्हटले, तेथेही मराठीच, मग चिंता कसली? पहिल्या रविवारी मी पाऊण तास उपदेश केला. लोक शांतपणे ऐकत राहिले व माना हलवीत राहिले, त्यामुळे मला मोठे समाधान वाटले. उपासना झाल्यावर एका म्हातारबाईने नागलीची भाकर माझ्यापुढे ठेवली व मायेने विचारले, “बाबा, तू कंच्या देशाचा?” त्या दिवशी मला कळले की ज्याला मी माझी भाषा म्हणत होतो ती पुस्तकाची भाषा होती. पुढील सहा महिने मी त्या बाईच्या ओट्यावर बसून तिची बोली शिकलो. माझ्या चुका ऐकून तिच्या सुना पदर तोंडाशी धरून हसत. प्रथम राग येई. पुढे मीही हसू लागलो. त्या हसण्याने लोकांशी माझी जी जवळीक झाली ती पाऊण तासाच्या उपदेशाने झाली नव्हती.

जोन्स व त्याचे सोबती यांच्या नित्य जीवनात कोणताही डामडौल नव्हता. परमुलखातील मिशनऱ्याचा दिवस म्हणजे पाणी, जेवण, ज्वर, पत्राची वाट, भाषेचा अभ्यास, आणि पुन्हा पाणी. त्यातही यांचे दुःख निराळे होते. इंग्रज मिशनऱ्यास किनाऱ्यावरील सर्व लोक परका म्हणून ओळखत. त्याने चूक केली तर परक्याची म्हणून ती सोडून देत. यांचा चेहरा देशचा आणि चालरीत परदेशची. स्थानिक लोकांस ते साहेबासारखे वाटत, साहेबांस ते देशी लोकांसारखे वाटत. त्यांना लोक ‘मुंबईचे आफ्रिकन’ म्हणू लागले, आणि त्या नावातच त्यांची दोन्हीकडची परकीयता आहे. मिशनमध्ये त्यांना युरोपियनांच्या मानाने फार कमी वेतन व कमी मान मिळे. यावरून पुढे बरेच मनस्ताप झाले, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मंडळीच्या इतिहासातील डाग पुसून मुलांस शिकविले तर मुले मोठेपणी ते डाग दुसऱ्याकडून ऐकतात आणि मग आपल्या चांगल्या शब्दांवरही विश्वास ठेवीत नाहीत.

याच सुमारास शरणपूरच्या आणखी काही तरुणांचा संबंध डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांच्याशी आला. १८६५ साली ते मुंबई इलाख्यात असता नाशिकच्या शाळेतील नऊ तरुण त्यांच्याबरोबर आपखुशीने निघाले. वाचकांची अपेक्षा असेल की मी या नवांची स्तुती करीन. तसे करता येत नाही. लिव्हिंग्स्टन यांच्या रोजनिशीत या मुलांच्या आळसाविषयी व कुरकुरीविषयी तक्रारीच तक्रारी आहेत. रिचर्ड पुढच्याच वर्षी वाटेत मरण पावला, आणि पुढे १८७० साली पुष्कळांनी साथ सोडली. शाळेच्या बाकावर शिकलेल्या मुलांस एकाएकी वर्षानुवर्षे अरण्यातून चालविले, तर सर्वच गिदोनाचे तीनशे निघत नाहीत. आपल्या सभेतून काम सोडून गेलेल्या उपदेशकाविषयी जे भाऊ कठोर बोलतात त्यांनी हे स्मरणात ठेवावे. मात्र त्या नवांपैकी एडवर्ड गार्डनर हा टिकला. लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या दिवसांतही तो जवळ होता.

१८७२ साली शरणपूरच्या तरुणांची दुसरी तुकडी त्यांना मिळाली. तीत जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ रोजी चितांबो नावाच्या सरदाराच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावले. चुमा व सुसी या त्यांच्या जुन्या सेवकांच्या पुढाकाराने त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरण्यात आले, आणि देह उन्हात सुकवून, झाडाच्या सालीत गुंडाळून किनाऱ्याकडे नेण्याचे ठरले. पुरताना प्रेतक्रियेची प्रार्थना जेकबने वाचली. झाडाच्या खोडावर मरणाची नोंदही त्यानेच कोरली. पुढे सुमारे नऊ महिन्यांत, रोगराई व वैरी यांमधून, ती मंडळी फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयो बंदरास पोहोचली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत जेकब होता. त्याने लिहिलेली रोजनिशी आजही उपलब्ध आहे. ज्या मुलाला कोणी एके काळी गलबतात कोंबून विकावयास नेत होते, त्याच्या हातचे अक्षर!

त्या अरण्यात न पाळक होता, न मंदिर, न घंटा. शाळेत शिकलेले वाचन होते व झोळीतील प्रार्थनेचे पुस्तक होते. आपल्या खेड्यांतून पाळकास येण्यास दोन दोन दिवस लागतात, आणि तोवर प्रेत ठेवता येत नाही. अशा वेळी घरातील कोणी वाचता येणारा मुलगा पुढे उभा राहून अध्याय वाचतो. तो मुलगा पुष्कळदा संकोचतो की आपला हा अधिकार नाही. त्याला जेकबची गोष्ट अवश्य सांगावी. जेकबचे पुढील आयुष्य मात्र सुखाचे गेले नाही. विलायतेतील मानसन्मानानंतर तो आफ्रिकेस परतला, निरनिराळ्या मिशनांत काम करीत फिरला, आणि १८९२ साली उरांबो येथे वारला. त्याच तुकडीतील मॅथ्यू वेलिंग्टन मात्र दीर्घायुषी झाला व १९३५ साली मोंबासा येथे निवर्तला.

दासांचा व्यापार बंद व्हावा म्हणून सर बार्टल फ्रिअर, जे १८६२ ते १८६७ पर्यंत आपल्या मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते, ते १८७३ च्या आरंभी झांझिबारास गेले. त्याच वर्षी जून महिन्यात तेथील सुलतानाने तह करून दासांचा बाजार बंद केला. मग सुटणाऱ्या दासांस ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न आला. शरणपूर वसविणारे प्राइससाहेबच १८७४ च्या अखेरीस मोंबासास गेले, आणि बेटासमोरील भूमीवर त्यांनी फ्रिअरटाऊन ही वस्ती उभारली. सुमारे दीडशे शरणपूरवासी आफ्रिकन तिकडे गेले. नाशिकचे सुतार व नाशिकचे लोहार त्या वस्तीचे पहिले कामकरी झाले. १८७५ पासून आरमाराच्या जहाजांनी सोडविलेले दास तेथे उतरू लागले. भेदरलेले, रोगट, कोणाचीच भाषा न कळणारे ते लोक पाहून या नाशिककरांस स्वतःचे बाळपण आठवले असेल. वस्तीत एक मोठी घंटा होती. ती उपासनेस बोलावी, आणि दास पकडणारे येत असल्याचा इशाराही देई. त्या ठिकाणास आजही केंगेलेनी, म्हणजे घंटेची जागा, असे म्हणतात.

आता आपण दुसऱ्या शास्त्रपाठाकडे वळू. १८८५ साली बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर यांस डीकनपदाची दीक्षा दिली, आणि जुलै महिन्यात ते सुमारे दोनशे हमालांचा तांडा घेऊन मसाई लोकांच्या मुलखातून युगांडाकडे निघाले. सोबत जोन्स होता. ऑक्टोबरात क्वा सुंदू येथे बिशपांनी जोन्सला बहुतेक तांड्यासह मागे ठेविले व आपण सुमारे पन्नास माणसांनिशी पुढे गेले. युगांडाच्या मवांगा राजास पूर्वेकडून येणाऱ्या परक्यांचे भय होते. २९ ऑक्टोबर १८८५ रोजी बिशप मारले गेले. बरोबरची माणसेही थोडकी वगळता सर्व मारली गेली.

जोन्स वाट पाहत राहिला. वाचलेल्या मोजक्या माणसांनी येऊन वर्तमान सांगितले तेव्हा त्याचा विश्वास बसेना. तरीही तो आणखी काही आठवडे थांबला. अखेर उरलेला तांडा घेऊन तो परत फिरला, आणि फेब्रुवारी १८८६ मध्ये राबाईस पोहोचला. त्या तांड्यापुढे एक निळे निशाण होते, व त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता : ईखाबोद.

हा शब्द कोठून आला ते १ शमुवेलाच्या चौथ्या अध्यायात पाहा. कराराचा कोश शत्रूंच्या हाती गेला, एली मान मोडून मेला, फिनहास रणात पडला, आणि त्याच्या मरत्या पत्नीने नवजात मुलास हे नाव दिले, कारण इस्राएलाचे वैभव निघून गेले होते. जोन्सने तांड्यावर हाच शब्द का लाविला? विजयाचे वचन का लाविले नाही? शास्त्रात ती पुष्कळ आहेत. मला असे वाटते की राबाईच्या वाटेवर ज्या स्त्रिया आपापल्या पतीचा चेहरा तांड्यात शोधावयास उभ्या राहणार होत्या, त्यांच्यापुढे खोटे निशाण धरण्याचे धैर्य त्याला झाले नाही. आपण उपदेशक लोक शोकाच्या घरी गेलो म्हणजे दाराशी पाऊल टाकताच पुनरुत्थानाविषयी बोलू लागतो. ते सत्य आहे, आणि त्याची वेळही येते. पण शास्त्राने ईखाबोद हे नाव पुसून टाकलेले नाही. देवाच्या पुस्तकात त्या मातेचा विलाप जसाच्या तसा राहिला आहे, आणि शरणपूरच्या एका लोहाराने तो योग्य वेळी उघडला.

जोन्स काम सोडून गेला नाही. तो राबाईतच राहिला, आणि तेथे त्याच्यापुढे याहून अवघड पेच उभा राहिला. आसपासच्या अरब व स्वाहिली मालकांचे दास पळून राबाईच्या वस्तीत येऊन झोपड्या बांधू लागले. कायद्याने ते दुसऱ्याची मालमत्ता होते. त्यांना आश्रय देऊ नये, असे मिशनच्या वरिष्ठांचे धोरण होते, कारण मालक चिडून सारी वस्ती जाळतील ही भीती पोकळ नव्हती. एकीकडे वरिष्ठांची आज्ञा व मंडळीचा जीव, दुसरीकडे दाराशी आलेला मनुष्य. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात मालकापासून पळून आलेल्या दासास परत देऊ नये, त्याला आवडेल तेथे राहू द्यावे, अशी आज्ञा आहे. आणि पौलाने तर अनेसिमास फिलेमोनाकडे परत पाठविले! दोन्ही ठिकाणे एकाच बायबलात आहेत. जो शिक्षक वर्गात यांपैकी एकच वाचून दाखवील तो आपल्या विद्यार्थ्यांस अर्धे शास्त्र देईल.

जोन्सच्या वस्तीतून त्या लोकांस हाकलण्यात आले नाही. १८८८ साली प्राइससाहेब पुन्हा फ्रिअरटाऊनास आले तेव्हा राबाईत असे शेकडो लोक राहत असल्याचे उघड झाले व मोठा गहजब उडाला. मालक हत्यारे उपसण्याच्या बेतात होते. तेव्हा इंग्रजी ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेन्झी यांनी मध्ये पडून मालकांस मोबदला देण्याचे ठरविले, आणि १८८९ च्या आरंभी मिशनच्या वस्त्यांतील सुमारे १,४०० दासांस मोकळीकपत्रे मिळाली. आज्ञा मोडली म्हणून जोन्सला दोष द्यावयाचा, की दार लाविले नाही म्हणून धन्य म्हणावयाचे? हा प्रश्न मी माझ्या वर्गात विचारला तेव्हा बहुतेकांनी झटकन दुसरे उत्तर दिले. फक्त एक पोक्त भाऊ म्हणाले, “पाळकसाहेब, वस्ती जळाली असती तर?” मी निरुत्तर झालो. जे झटपट उत्तर देतात त्यांनी त्या भावाच्या प्रश्नावरही रात्रभर विचार करावा.

शिक्षकांनी हा पाठ घेताना वर्गात हिंदी महासागराचा नकाशा जमिनीवर खडूने काढून मुंबई, झांझिबार व मोंबासा दाखवावी. ज्यांच्या गावी कोणी परमुलखातून कामास आलेला मजूर वा पाथरवट राहत असेल त्यांनी या आठवड्यात त्याच्याकडे जाऊन त्याच्या भाषेतील दहा शब्द शिकून यावे, व रविवारी वर्गात सांगावे. पुढील पाठासाठी फिलेमोनास लिहिलेले पत्र सर्वांनी घरी वाचून यावे. त्यात पंचवीसच वचने आहेत. ज्यास वाचता येत नाही त्याने ती शेजाऱ्याकडून वाचवून घ्यावी.